खडक लागला

भाकरीच्या दुसऱ्या घासाला दाताखाली कच लागली आणि उदयसिंह चावायचा थांबला. तीन-चार कणच असतील, पण त्यांचा आवाज त्याला कानाच्या मागच्या बाजूला ऐकू आला. समोर राजेश्वरी बहिणीशी फोनवर बोलत जेवत होती, तिला काही कळलं नाही. घास टाकावा की गिळावा एवढाच प्रश्न होता. त्यानं दोन्ही केलं नाही. जिभेनं ते कण पुढच्या दातांत आणले आणि हळूच चावून पाहिले. ही त्याची जुनी खोड. माती दातांत धरून ओळखायची विद्या त्याला कॉलेजात मिळाली नव्हती, पाटबंधारे खात्यातल्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं शिकवली होती. चिकणमाती दातांत लोण्यासारखी पसरते, गाळ पिठासारखा लागतो, आणि वाळू बोलते. साहेब, वाळू कवाच गप बसत न्हाई, मिस्त्री म्हणायचा. उदयसिंहनं घास गिळला. घशाखाली गेल्यावरही तो आवाज दातांत राहिलाच, आणि आपल्याला एकदम घाम का आला हे त्याला कळेना. पंखा चालू होता. खिडकीतून अजिंक्यताऱ्याचा हिरवा उतार दिसत होता. नेहमीसारखा रविवार होता.

"पल्लवी, ज्वारी कुठली गं ही?" त्यानं विचारलं.

पल्लवी ओट्याशी भाकरी थापत होती. सात-आठ महिने ती त्यांच्याकडे स्वयंपाकाला येत होती. तिचा नवरा एमआयडीसीत वॉचमन होता, एवढंच उदयसिंहला माहीत. "कच लागली व्हय काका? गिरणीच्या दगडाला नवी टाकी लावली आसंल. शाळू आमच्या गावचा हाय, काकूंनी मागितला म्हनून आनला."

"गाव कुठलं तुझं?"

"आटपाडी तालुक्यात. तरसवाडी. तुमाला न्हाई म्हाईत, लय ल्हान हाय."

उदयसिंहनं पाण्याचा पेला उचलला आणि खाली ठेवला. मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाला, "तलाव आहे ना तिथं एक? साठवण तलाव."

"हाय की!" पल्लवीला आनंद झाला. "पर पानी ठरत न्हाई त्यात. शापाचं तळं हाय त्ये."

राजेश्वरीनं फोन ठेवला होता. तिला असल्या गोष्टी आवडायच्या. शाप कुणाचा, तिनं विचारलं, आणि पल्लवी तव्यावरची भाकरी उलटत सांगू लागली. गावात बनुआजी म्हणून एक आहे. तिचं रान तळ्यात गेलं. काम चालू होतं तेव्हा ती धरणाच्या पायाच्या चरीच्या काठावर उभी राहिली आणि ओटीतली माती आत टाकून म्हणाली, माझ्या रानावर पाणी ठरणार न्हाई. आणि नाहीच ठरलं. "योकदाच काठोकाठ भरलं हुतं म्हनं, माझा जलम बी न्हवता तवा. सवा म्हैन्यात आटलं. मग गावानं आजीला वाळीत टाकलं. आडावर येऊ दीनात. म्हनून तिचा ल्योक घरची हीर खाली खांदाय उतरला आन् काठ आंगावर आला त्येच्या. अर्जुना नाव हुतं. येकोनीस वर्साचा."

"अगं बाई," राजेश्वरी म्हणाली. "आणि लोक अजून शाप मानतात?"

"मानायचं काय काकू? तळं कोरडं दिसतंय की."

उदयसिंह हात धुवायला उठला. बेसिनच्या आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसला, सत्तावन्न वर्षांचा, जबड्याखाली सैल झालेला. नळाचं पाणी हातावरून वाहत राहिलं. बाहेर राजेश्वरी विचारत होती, त्या बाईचं पुढं काय झालं, आणि पल्लवी सांगत होती, पुढं काय हुनार, ऱ्हाती की तळ्याच्या कडंला. आता लोक भितात तिला. आषाढात बाया वटी घेऊन जातात, शाप माघारी घे म्हनून. ती घेत न्हाई.

त्या दिवसापासून उदयसिंहच्या डोक्यात वर्षांची जुळवणी सुरू झाली. चर भरली ते शहाण्णवचा मे महिना. तळं भरलं ते पुढच्या वर्षीच्या परतीच्या पावसात. अर्जुना विहिरीत गेला तो त्याच्या पुढचा उन्हाळा असणार. त्या उन्हाळ्यात आपण कुठं होतो? कोयनेकडच्या उपविभागात. बदलीच्या गावी राजेश्वरीनं पहिल्यांदा फणसाची भाजी केली होती आणि दोघांचे हात चिकानं बरबटले होते, दोघं हसत होते. ते हसणं आणि तो विहिरीचा काठ एकाच दुपारचे असतील का? तसं असायचं काही कारण नव्हतं. पण एकदा मनात आल्यावर ते तसंच बसलं. ऑफिसात फायलीत डोकं घालून बसला की त्याला विहीर दिसायची, वरून, गोल, आणि तिच्या तळाशी वर बघणारं एक तोंड. तोंडावर नाक-डोळे नसायचे, कारण त्यानं अर्जुनाला कधी पाहिलंच नव्हतं.

पाहिलं होतं ते वेगळंच. तरसवाडीच्या तलावावर तो कनिष्ठ अभियंता होता, आणि शहाण्णवचा एप्रिल संपता संपता कामाला घाई आली होती. पावसाच्या आत पाया भरून मातीचा भराव नाल्याच्या वर काढायचा, असा वरून हुकूम होता. मातीच्या धरणाचं सगळं मर्म जमिनीखाली असतं. भिंतीच्या मधोमध, तिच्या लांबीभर, खोल चर खणायची, पक्का खडक लागेपर्यंत. मग ती काळ्या चिकणमातीनं ठासून भरायची, म्हणजे खालून पाणी निसटत नाही. खडक लागला की नाही हे बघणं उदयसिंहचं काम. बाकी कुणाचं नाही. वरचे साहेब भिंतीची उंची बघायला यायचे. जमिनीखाली उतरणारा तो एकटा होता, आणि त्याला त्याचा अभिमान वाटायचा. कोरेगावचं घर उसाचं, थोरला भाऊ फौजेत, धाकट्यानं शिकून साहेब व्हायचं ठरलेलं. पाटाच्या पाण्यात वाढलेल्या त्या पोराला आटपाडीकडचा उन्हाळा पहिल्यांदा दिसला तेव्हा रडू आलं होतं. बायका हंडे घेऊन कोसभर चालताना बघून त्यानं आईला पत्र लिहिलं होतं की मी इथं पाणी आणीन. हे त्यानं खरंच लिहिलं होतं.

त्या दिवशी नाल्याच्या डाव्या अंगाची चर अठरा फूट खाली गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरेगावात मुलगी बघायला जायचं होतं, आईनं दोनदा निरोप धाडला होता. आटपाडीहून साडेचारची यष्टी चुकली तर त्या दिवशी दुसरी गाडी नव्हती. तीन वाजले होते, आणि कामावरून आटपाडीला पोचायला तास-सव्वा तास लागायचा. गुंडा मुकादम चरीच्या तळाशी उभा राहून वर ओरडला, "लागला साहेब खडक! या, बघून घ्या." खाली उतरायला शिडी होती. उतरून, पहार मारून, डावी-उजवीकडे चार जागी ठोकून बघायला अर्धा तास लागला असता. उदयसिंहनं काठावरून वाकून पाहिलं. तळाशी काहीतरी काळं, ओलं चमकत होतं. खडकही असेल. तेवढ्यात एका बाईनं चरीतून वर आलेली पाटी त्याच्या पायापाशी रिकामी केली. त्यानं सवयीनं चिमूट उचलली आणि दातांत धरली.

वाळू बोलली. स्वच्छ, ओली, नदीची वाळू. खडकावरून खरवडून आलेल्या मातीत अशी वाळू नसते. तिथं खाली जुन्या प्रवाहाची एखादी शीर होती आणि ती अजून संपली नव्हती, हे त्याच्या दातांना कळलं. ते डोक्यापर्यंत जायच्या आधीच तो थुंकला. त्यानं वहीत लिहिलं, "कठीण खडक लागला", खोली लिहिली, सही केली. "उद्यापासून भरायला घ्या." गुंडानं खालून त्याच्याकडे बघितलं. फार नाही, पहार एका हातातून दुसऱ्या हातात घेण्याइतका वेळ. मग म्हणाला, "बरं साहेब." यष्टी मिळाली. खिडकीपाशी जागाही मिळाली. दुसऱ्या दिवशी राजेश्वरीनं पोहे आणले तेव्हा उदयसिंहला वाटलं होतं, आपण वेळेवर आलो.

तीन दिवसांनी परत गेला तेव्हा चर भरलेली होती. वर रोलर फिरत होता. बनुबाईनं माती टाकली ती याच दिवसांत कधीतरी. आता तो आठवू बघायचा, तर हिरवं लुगडं, रुंद कपाळ, ओटीतून सुटणारी तांबडी माती असं सगळं ठसठशीत दिसायचं. आणि मग वाटायचं, हे आपण पाहिलेलं नाही, हे पल्लवीच्या तोंडून आलंय. खरं काय ते ठरेना. पुढं काही वर्षांनी गळक्या तलावांची एक यादी त्याच्या टेबलावर आली होती. तरसवाडी. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, भूस्तर सच्छिद्र. तो शब्द वाचून त्याला केवढं हलकं वाटलं होतं. जमिनीचाच दोष. यादी त्यानं पुढं पाठवली आणि त्या संध्याकाळी घरी कंदी पेढे नेले होते, कारण काहीच नसताना. खात्याला खात्याचा शब्द मिळाला होता, गावाला गावाचा. दोन्हींच्या खाली ती वाळूची शीर तशीच वाहत होती.

राजेश्वरीला सांगावं असं अनेकदा ओठांवर आलं. ती संध्याकाळी गॅलरीत कढीपत्त्याला पाणी घालायची तेव्हा तो मागं जाऊन उभा राहायचा. पण सांगायचं म्हणजे यष्टीचं सांगावं लागणार, आणि यष्टीचं सांगितलं की ती विचारणार, म्हणजे मला बघायला येण्यासाठी? ती तसं म्हणणारही नाही. पुढं जन्मभर मनात म्हणत राहील. "काय हवंय?" ती विचारायची. "काही नाही," तो म्हणायचा.

आषाढातल्या एका शुक्रवारी सांगलीला ऑफिसचं काम आहे असं सांगून तो निघाला. विट्यापर्यंत ऊस दिसत राहिला, मग विरळ झाला, मग संपला. पठारावर पवनचक्क्या फिरत होत्या. वारा एवढा की यष्टी एका अंगाला कलल्यासारखी वाटायची. डोक्यावरून ढग पूर्वेला धावत होते, काळे, भरलेले, आणि त्यांतला एकही थांबत नव्हता. आटपाडीहून वडापच्या, माणसं भरेपर्यंत थांबणाऱ्या जीपनं तो तरसवाडीच्या फाट्यावर उतरला. काय करायचं ते त्यानं वाटेत ठरवलं होतं. आधी गावाला सांगायचं, मग लिहून द्यायचं. निवृत्तीला सात महिने होते. होईल ती चौकशी होऊ दे. हे ठरवताना त्याला कित्येक दिवसांनी भूक लागली होती, आणि फाट्यावरच्या टपरीत त्यानं दोन वडे खाल्ले, याचीही त्याला लाज वाटली.

देवळापुढच्या कट्ट्यावर ज्योतिबा बसला होता. पाण्याच्या खात्यातला माणूस आलाय म्हटल्यावर तो आपणहून उठला. काम झालं तेव्हा तोच सरपंच होता; उदयसिंहनं त्याला नावावरून ओळखलं, त्यानं उदयसिंहला नाही. आता सत्तरीचा, काठीवर रेलून चालणारा, पण भिंतीवर चढताना त्यानं उदयसिंहला हात दिला. भिंत चांगली उभी होती. दगडांचं अस्तर, पिचिंग, जागोजाग दबलं होतं, वर कुसळी गवत, बाभळी. आतल्या बाजूला तळ्याची कोरडी जमीन पसरली होती, तिच्यावर मेंढरं चरत होती, आणि जादा पाणी सोडायच्या सांडव्याचं रुंद तोंड कशाची तरी वाट बघत असल्यासारखं उघडं होतं.

"भरलं त्या साली हितं पोरांनी पवायला उड्या मारल्या," ज्योतिबा म्हणाला. "मी सोता नारळ सोडला. सवा म्हैना, बास. भिंतीच्या पलीकडं, त्या तितं, वाळू उकळत हुती बघा साहेब. भाताचं आधण यावं तशी. आमी आपलं घमेली घमेली माती टाकतोय, आन् ती वर येतीय."

त्यानं काठीनं दाखवलेली जागा उदयसिंहला दाखवायची गरज नव्हती. डाव्या अंगाला, नाल्याच्या कडेला. त्यानं तिथं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खडक, चिमूट, वही, यष्टी. सांगताना आपला आवाज ऑफिसात अहवाल वाचावा तसा सपाट निघतोय हे त्याच्या लक्षात आलं, पण दुसरा आवाज सापडेना. शेवटी तो म्हणाला, "एवढाच तुकडा परत खणून चिकणमातीनं भरला तर पाणी ठरेल. उपसा योजनेचं पाणी तुमच्या शेजारच्या गावापर्यंत आलंय. तळं ठरतं म्हटल्यावर तुमच्यातही सोडतील. मी सगळं लिहून देतो."

ज्योतिबा खाली बसला. काठी आडवी मांडीवर घेतली. नजर मेंढरांवर ठेवली.

"लिवून द्याल. पर कारन लिवाल नव्हं त्यात?"

"लिहावंच लागेल. माझी चूक म्हणूनच लिहीन."

"तुमची चूक म्हनून तुमी मोकळं व्हाल. आमी?" त्याचा आवाज चढला नाही. "आडावर अर्जुना आला हुता, कळशी घिऊन. त्येच्या हातातनं दोर मी काढून घेतला साहेब. मी. सरपंच हुतो. कळशी तितंच ठिवली आन् पोरगं गेलं. तिसऱ्या दिशी हिरीतनं काढला त्येला, तवा बी मीच दोर धरला हुता." त्यानं काठीवरची माती अंगठ्यानं पुसली. "शापाचं हाय म्हनून आजवर भाकरी ग्वाड लागली. न्हाईतर कशी लागायची?"

वाऱ्यानं उदयसिंहच्या डोळ्यांत माती गेली. तो डोळे चोळत उभा राहिला. त्याला म्हणायचं होतं की तुमच्या नातवंडांना पाणी मिळेल. ते त्यानं म्हटलंही. ज्योतिबानं मान हलवली. "खरं हाय. न्हाई म्हनत न्हाई मी." मग काठी टेकून उठला. "आसं करा. बनुबाईला सांगा आधी. ती व्हय म्हनली, तर मी सोता गाव गोळा करतो आन् सगळ्यांम्होरं सांगतो. माझं दोराचं बी सांगतो. पर तिच्या माघारी न्हाई."

भिंतीच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याचं खोपट होतं. तेवढं अंतर एकट्यानं चालताना उदयसिंहला आशा वाटत होती, हे त्याला पुढं अनेकदा आठवणार होतं. एका म्हातारीच्या माथ्यावरचा डाग आपण पुसायला चाललोय. ती रडेल. कदाचित शिव्या देईल. दिलेल्या बऱ्या. तिनं मारलं तरी हलायचं नाही, असंही त्यानं ठरवलं.

बनुबाई दारात बसून अंबाडीच्या दोराला पीळ देत होती. ऐंशीच्या पुढची, लहानखुरी. लुगडं हिरवं नव्हतं, कपाळ रुंद नव्हतं. म्हणजे ती आठवण खोटी होती. शेळी खुंट्याला होती. "बसा," ती म्हणाली, कोण कुठला न विचारता, आणि आतून तांब्या आणला. अर्धाच भरलेला. त्यानं दोन घोट घेतले.

"मावशी, हे तळं बांधलं तेव्हा मी इथं साहेब होतो."

"लय साहेब हुते."

"चरीत खडक लागला की नाही बघायचं काम माझं होतं." आणि त्यानं पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी हळू, थांबून थांबून. ती पीळ देत ऐकत होती. यष्टीचं आलं तेव्हा तिचे हात मंदावले. अर्जुनाचं नाव त्यानं घेतलं तेव्हा थांबले. "तुमच्या शापानं काही झालं नाही मावशी," तो म्हणाला. "तुमचा काहीच दोष नव्हता. पाणी माझ्यामुळं गेलं. हे मी गावापुढं सांगायला आलोय."

बनुबाईनं दोर बाजूला ठेवला. उदयसिंहकडे तिनं तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं.

"पोरगी बघाय निगाला हुता?"

"हो."

"केली का तीच?"

"हो."

"पोरंबाळं?"

"एक मुलगा आहे. पुण्याला असतो."

तिनं मान डोलावली, शेजारणीची खुशाली ऐकावी तशी. शेळीनं दावं ताणलं. मग ती बोलली, अगदी खालच्या आवाजात.

"माझं रान घेतलं तवा मला कुनी इचारलं न्हाई. आंगठा घेतला. नवऱ्याची समाद हुती त्यात, तिच्यावर रोलर फिरिवला. मी बाईमानूस, काय करनार? तोंड हुतं मला. तोंडानं म्हनलं, पानी ठरनार न्हाई. आन् न्हाई ठरलं. सरकार हरलं माझ्याम्होरं. गाव हरलं. मग अर्जुना गेला. म्हनलं, आसू दे, शाप दुधारी आसतोय, देनाऱ्याला बी कापतोय. माझ्या तोंडानं गेला. म्या त्येची आई, म्या सोसलं." ती पुढं झुकली. "आन् तुमी आता सांगताय, तुमची यष्टी चुकंल म्हनून गेला?"

उदयसिंहनं तांब्या खाली ठेवला.

"यवढ्याशापायी?" ती म्हणाली. "माझा अर्जुना?"

"मावशी, मला..."

"न्हाई. त्ये तुमी माघारी न्या. मला द्यू नका." तिनं हात पुढं करून खरोखरच काहीतरी परत सारल्यासारखं केलं. "म्या बोलले म्हनून तळं आटलं. कुनी इचारलं तर आसंच हाय. तुमी कोन त्ये काडून घेनार? रान घेतलं, आता शाप बी घ्याय आला व्हय?"

त्याच वेळी भिंतीवरून बायका येताना दिसल्या. सात-आठ जणी, पदर वाऱ्यानं ओढले जात होते, हातांत ताटं. आषाढातला शुक्रवार. त्यांतली पुढची, तिशीतली, ज्योतिबाची सून होती. तिनं अनोळखी माणसाकडे एकदा बघितलं आणि बाकीच्यांबरोबर ती खोपटापुढं बसली. बनुबाई आत गेली, डोक्यावर पदर घेऊन आली आणि दारातल्या दगडावर बसली, ताठ. एकेकीनं तिला हळद-कुंकवाचं बोट न लावता, विधवेची रीत पाळून, नुसतं तिच्या ओटीत तांदूळ-खोबरं आणि खण घातला आणि पाया पडली. मग ज्योतिबाची सून हात जोडून म्हणाली, "आजी, शेजारच्या गावात पाइपाचं पानी आलंय. आमच्यात सोडाय तयार हाईत, पर तळ्यात ठरत न्हाई म्हनत्यात. पोरींना साळा बुडवून पान्याला जावं लागतंय. आवं, आता तरी सोडा की. लय वर्सं झाली."

बनुबाई तिच्याकडे बघत नव्हती. ती उदयसिंहकडे बघत होती. बायकांच्या डोक्यांवरून, सरळ. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणीही नव्हती. बोलायचं असेल तर आता बोल, एवढंच होतं. सगळ्या बायका मागं वळून त्याच्याकडे बघू लागल्या. दूर भिंतीवर ज्योतिबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. उदयसिंहनं तोंड उघडलं. शब्द सगळे जिभेवर होते, साधे होते, तीनच वाक्यांचं काम होतं. त्याला त्या मुलीच्या जोडलेल्या हातांवरच्या काचेच्या बांगड्या दिसत होत्या, मनगटावर हंड्याच्या काठानं पडलेला घट्टा दिसत होता. बोललो तर या पोरीला पाणी, आणि त्या म्हातारीजवळ काहीही उरणार नाही. न बोललो तर. त्यानं वाक्याचा दुसरा भाग मनातसुद्धा पुरा केला नाही.

त्यानं तोंड मिटलं आणि मान खाली घातली.

"न्हाई सोडत," बनुबाई म्हणाली.

बायका उठल्या. कुणी नवल केलं नाही, कुणी रडलं नाही. पुढच्या साली बघू, एकजण दुसरीला म्हणाली. त्यांनी दारातच नारळ फोडला, पाणी निघालं ते एका लहान वाटीत धरलं आणि बनुबाईच्या हातात दिलं. वाटून झाल्यावर ज्योतिबाच्या सुनेनं खोबऱ्याचा एक तुकडा उदयसिंहपुढं केला. "घ्या साहेब," ती म्हणाली. "लांबनं आलाय तुमी." त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला.